सुतार पक्षी : नर कोणता, मादी कोणती?
पेडणे-डिचोलीतील पक्षीनिरीक्षक आणि छायाचित्रकारांसाठी ओळखीच्या खुणा

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील माडांच्या बागा, काजूची लागवड आणि गावाकडेची कुळागरे यांतून सकाळी फिरणाऱ्याला सुतार पक्षी भेटणे दुर्मीळ नाही. खोडावरची टकटक किंवा एका माडावरून दुसऱ्या माडाकडे झेपावताना काढलेला कर्कश किलबिलाट त्याची चाहूल देतो. दूरच्या पल्ल्याच्या लेन्स आता अनेकांच्या हाती आल्यामुळे त्याची छायाचित्रेही विपुल निघतात. मात्र त्यांखालची ओळ पुष्कळदा ‘सुतार पक्षी’ एवढ्यावरच थांबते, किंवा डोक्यावर लाल रंग दिसला म्हणून ‘नर’ असे लिहिलेले असते. आपल्या गावांत सहज दिसणाऱ्या सोनपाठी सुताराच्या बाबतीत या पद्धतीने मादीचे प्रत्येक छायाचित्र चुकीच्या नावाने जाते, कारण तिच्याही डोक्यावर लाल तुरा असतो.

गोव्यात सुतारकुळातील दहा-अकरा जाती आढळतात. त्या सर्वांना लागू पडेल असा एकच नियम नाही. तरीही एक दिलासा आहे. नर-मादीतील फरक जवळजवळ नेहमी डोक्यावरच असतो आणि तोही तीन ठरावीक जागी : कपाळ, माथा आणि गाल. पाठ, पोट, पंख आणि शेपटी यांवरून जात ठरवावी. नर की मादी हे मात्र डोक्याला विचारावे. या तीन जागा स्पष्ट दिसणारे एक छायाचित्र हाती असेल, तर बहुतेक जातींत उत्तर निश्चितपणे देता येते.

पक्षी स्वतः काय पाहतात?

माणसाला क्षुल्लक वाटणारी ही खूण पक्ष्यांच्या दृष्टीने किती निर्णायक असते, याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. उत्तर अमेरिकेतील ‘फ्लिकर’ नावाच्या सुतार पक्ष्याच्या नराला चोचीपासून गालावर उतरणारी मिशीसारखी पट्टी असते. मादीला ती नसते. १९३६ मध्ये जी. के. नोबल या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने जोडीतील एका मादीच्या गालावर तशी कृत्रिम पट्टी लावून पाहिली. तिच्याच जोडीदाराने तिला परका नर समजून तिच्यावर हल्ला चढवला. पट्टी काढल्यावर त्याने तिला पुन्हा स्वीकारले. पक्षीनिरीक्षक ज्या खुणेचा शोध घेतो, तीच खूण पक्षीही वाचत असतात.

माडाबागेतील सोनपाठी सुतार

हरमल, मोरजी आणि मांद्रे येथील माडांपासून मये-नार्वेच्या बागायतींपर्यंत जो सुतार माणसाच्या वस्तीजवळ राहतो, तो बहुधा सोनपाठी सुतार होय. लांबी २६ ते २९ सेंटिमीटर, पाठ सोनेरी पिवळी, गळा काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. शेपटीच्या मुळाजवळचा पाठीचा भाग काळा असतो. ही शेवटची खूण महत्त्वाची, कारण त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या जंगलातील दोन जातींचा हा भाग लाल असतो.

नराचे कपाळ, माथा आणि तुरा हे सर्व लाल असते. मादीचा तुरा लाल असतो. परंतु कपाळ आणि माथ्याचा पुढचा भाग काळा असून त्यावर बारीक पांढरे ठिपके असतात. म्हणजे दोघांतील फरक चोचीच्या मुळापासून डोळ्यांच्या वरपर्यंतच्या लहानशा पट्ट्यात आहे. पक्षी खोडाला चिकटून वर पाहत असेल आणि छायाचित्र पाठीमागून घेतले असेल, तर हा पट्टा दिसतच नाही. तशा चित्रावर ‘नर’ लिहिणे म्हणजे अर्धे डोके पाहून पूर्ण निष्कर्ष काढणे होय.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. नराच्या कपाळावरील लाल पिसांची मुळे काळसर असतात. पिसे झिजली की पुढच्या भागात काळे डाग डोकावतात. अशा नराला घाईत मादी ठरवले जाण्याची शक्यता असते. मादीच्या कपाळावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके असतात. झिजलेल्या नराच्या कपाळावर लाल आणि काळ्या रंगाची सरमिसळ असते. पांढरे ठिपके आहेत की नाहीत, हा प्रश्न विचारला की शंका मिटते.

जंगलातील दोन सोनेरी भाऊबंद

डिचोलीच्या पूर्वेकडे सत्तरीच्या दिशेने किंवा पेडण्याहून दोडामार्ग-तिळारीकडे वळले की झाडी दाट होते आणि सोनेरी पाठीच्या आणखी दोन जाती समोर येऊ शकतात. एक सामान्य सोनपाठी म्हणजे ‘कॉमन फ्लेमबॅक’, दुसरा मोठा सोनपाठी म्हणजे ‘मलबार फ्लेमबॅक’. दोघांचाही शेपटीच्या मुळाजवळचा भाग लाल असतो.

या दोघांत जात ओळखण्यासाठी डोळा, मिशी आणि मानेची मागची बाजू पाहावी. मोठ्या सोनपाठीचा डोळा फिकट, चोच लांब व भक्कम, मानेचा मागचा भाग पांढरा आणि चोचीपासून निघणारी मिशीची काळी रेघ दुहेरी असते. सामान्य सोनपाठीचा डोळा गडद, चोच तुलनेने आखूड, मानेचा मागचा भाग काळा आणि मिशीची रेघ एकेरी असते. त्याच्या पायाला तीनच बोटे असतात. खोडावरील पाय स्पष्ट आला असेल तर तीही मोजता येतात.

नर-मादी ओळखणे येथे अधिक सोपे आहे, कारण या दोन्ही जातींच्या मादीच्या डोक्यावर लाल रंग मुळीच नसतो. नराचा माथा व तुरा लाल असतो, मादीचा काळा. मोठ्या सोनपाठीच्या मादीच्या काळ्या तुऱ्यावर गोलसर पांढरे ठिपके असतात, तर सामान्य सोनपाठीच्या मादीच्या तुऱ्यावर ठिपक्यांऐवजी बारीक पांढऱ्या रेघा असतात. तेव्हा सोनेरी पाठीचा सुतार दिसला, तुरा लाल आहे आणि कपाळ काळे ठिपकेदार आहे, तर ती गावाकडच्या सोनपाठीची मादी. तुराही काळाच आहे, तर ती जंगलातील दोन जातींपैकी एकीची मादी.

याच मोठ्या सोनपाठीच्या जवळच्या नात्यातील पांढऱ्या मानेचा सुतार हा कोरड्या पानझडी जंगलांचा पक्षी आहे. त्याच्या नराचा माथा लाल, तर मादीचा चक्क पिवळा असतो. दख्खनच्या पठारावर छायाचित्रणासाठी जाणाऱ्या गोमंतकीयांनी ही खूण ध्यानात ठेवावी, म्हणजे पिवळा तुरा पाहून नवीन जात सापडल्याचा भ्रम होणार नाही.

लाल रंगच नसलेला हृदयांकित सुतार

लाल रंगावर विसंबणाऱ्यांची खरी परीक्षा हृदयांकित सुतार घेतो. जेमतेम १६ सेंटिमीटरचा हा पक्षी काळा-पांढरा असतो. डोके मोठे, तुरा टोकदार, शेपटी इतकी आखूड की मागचा भाग तोडल्यासारखा वाटावा. पंखांवरील काळे ठिपके बदामाच्या आकाराचे असतात. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले.

या जातीत नर आणि मादी दोघांच्याही अंगावर लाल रंगाचा लवलेश नाही. नराचे कपाळ व माथा काळा असून त्यावर अगदी बारीक पांढुरके ठिपके असतात. मादीचे कपाळ आणि माथ्याचा पुढचा भाग मलईसारखा पांढरट असतो. दूरवरूनही हा पांढरा पट्टा उठून दिसतो. नवख्या निरीक्षकाला अधिक आकर्षक दिसणारा हा पक्षी नर वाटतो. प्रत्यक्षात ती मादी असते. झाडांच्या वरच्या बारीक फांद्यांवर तो चपळपणे फिरत असल्यामुळे खालून घेतलेल्या छायाचित्रात पोट आणि हनुवटीच तेवढी येते. थोडे मागे सरकून, शक्य असल्यास उंचवट्यावरून चित्र घेतल्यास कपाळ दिसते.

उत्तर गालावर असते तेव्हा

तांबूस सुतार काजूच्या लागवडीत आणि विरळ झाडीत दिसतो. सुमारे २५ सेंटिमीटरचा हा पक्षी तपकिरी-तांबूस असून पंखांवर व शेपटीवर काळ्या आडव्या रेघा असतात. मुंग्या हा त्याचा मुख्य आहार. झाडावर मातकट गोळ्यासारखी वारुळे बांधणाऱ्या क्रेमॅटोगॅस्टर मुंग्यांच्या वारुळातच तो आपले घरटे कोरतो, हे त्याचे वैशिष्ट्य. या जातीत माथा पाहून काहीच कळत नाही. नराच्या डोळ्याखाली लाल रंगाचा लहानसा डाग असतो. मादीला तो नसतो. पक्ष्याची बाजू दिसेल असे चित्र हवे, आणि त्यात डोळ्याखालचा भाग सावलीत बुडालेला नसावा. तांबूस रंगावरचा लाल डाग सावलीत हमखास हरवतो.

पिवळ्या मानेचा लहान सुतार हिरव्या अंगाचा असतो. मानेवरचा पिवळा तुरा नर-मादी दोघांनाही असतो, म्हणून त्यावरून काही ठरत नाही. नराच्या डोक्यावर लाल रंग अधिक पसरलेला असतो आणि गालावर लाल मिशी असते. मादीच्या डोक्यावर लाल रंग केवळ मागच्या बाजूला असतो; मिशी नसते.

पांढऱ्या पोटाचा काळा सुतार हा आपल्याकडील सुतारांमध्ये सर्वांत मोठा, सुमारे ४८ सेंटिमीटरचा. मोठ्या जुन्या वृक्षांची त्याला गरज असते. त्यामुळे म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव यांसारख्या अभयारण्यांत तो भेटण्याची शक्यता अधिक. २०२० मध्ये महाराष्ट्राने संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केलेले तिळारीचे जंगल पेडणे-डिचोलीच्या शेजारीच असून तेथेही त्याचे वास्तव्य आहे. नराचे कपाळ, माथा व तुरा पूर्ण लाल असतो आणि गालावरही लाल ठसा असतो. मादीचे कपाळ व पुढचा माथा काळा, फक्त मागचा तुरा लाल आणि गाल काळा. येथे दोन स्वतंत्र खुणा असल्यामुळे एक झाकली गेली तरी दुसरी उपयोगी पडते.

हिरवा, मराठा आणि चिमुकला

रेघाळ गळ्याचा हिरवा सुतार पुष्कळदा जमिनीवर उतरून मुंग्या व वाळवी टिपतो. गळ्यापासून पोटापर्यंत खवल्यांसारखी नक्षी आणि उडताना दिसणारा पाठीखालचा पिवळा भाग यांवरून जात ओळखावी. नराचा माथा लाल असतो; मादीचा काळा असून त्यावर राखाडी रेघा असतात. तो जमिनीवर असताना छायाचित्रकाराने उभ्याने चित्र घेतल्यास माथा चांगला दिसतो. एरवी पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवर बसावे असा सल्ला दिला जातो, येथे मात्र थोडी उंची फायद्याची ठरते.

मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा एक सुतार म्हणजे पिवळ्या कपाळाचा किंवा मराठा सुतार. १९ व्या शतकाच्या आरंभी इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन लॅथम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि मराठ्यांच्या मुलखावरून त्याला ‘मऱ्हाट्टेन्सिस’ हे नाव दिले. सुमारे १८ सेंटिमीटरचा हा ठिपकेदार पक्षी कोरड्या, विरळ झाडीत रमतो. घाटमाथ्यापलीकडे तो अधिक सहज दिसतो. त्याच्या पोटावर लाल डाग असतो आणि तो नर-मादी दोघांनाही असतो. ‘लाल दिसले, म्हणजे नर’ हा समज येथे पुन्हा फसतो. नराचे कपाळ पिवळे व माथ्याचा मागचा भाग लाल असतो. मादीचा माथा पिवळसर तपकिरी असून त्यावर लाल रंग नसतो.

सर्वांत कठीण प्रकरण तपकिरी डोक्याच्या चिमुकल्या सुताराचे. चिमणीहूनही लहान, अवघा १३ सेंटिमीटरचा हा पक्षी बागांमध्येही असतो. पण तो लक्षात येत नाही. नराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, डोळ्यामागे, एक बारीक लाल रेघ असते. पिसे मिटलेली असताना ती झाकली जाते. त्यामुळे रेघ दिसली तर ‘नर’ असे खात्रीने लिहावे. दिसली नाही म्हणून ‘मादी’ असे लिहू नये. एकाच पक्ष्याची सलग दहा-वीस चित्रे घेतल्यास वाऱ्याने किंवा हालचालीने पिसे विस्कटलेल्या एखाद्या क्षणी ती रेघ सापडते.

एका दृष्टिक्षेपात

• सोनपाठी सुतार : नराचे कपाळ लाल, मादीचे कपाळ काळे, पांढरे ठिपके. तुरा दोघांचा लाल.
• सामान्य सोनपाठी : नराचा तुरा लाल, मादीचा काळा, पांढऱ्या रेघा.
• मोठा सोनपाठी : नराचा तुरा लाल, मादीचा काळा, पांढरे ठिपके.
• हृदयांकित सुतार : नराचे कपाळ काळे, मादीचे पांढरट. लाल रंग कोणालाच नाही.
• तांबूस सुतार : नराच्या डोळ्याखाली लाल डाग, मादीला नाही.
• पिवळ्या मानेचा लहान सुतार : नराला लाल मिशी, मादीला नाही.
• पांढऱ्या पोटाचा काळा सुतार : नराचे कपाळ व गाल लाल; मादीचा फक्त मागचा तुरा लाल.
• रेघाळ गळ्याचा हिरवा सुतार : नराचा माथा लाल, मादीचा काळा, राखाडी रेघा.
• मराठा सुतार : नराचा मागचा माथा लाल, मादीच्या माथ्यावर लाल नाही. पोटावरचा लाल डाग दोघांना.
• चिमुकला सुतार : नराच्या डोळ्यामागे बारीक लाल रेघ, मादीला नाही.

कॅमेरा कोठे फसवतो?

डोळ्याला दिसलेली खूण छायाचित्रात उतरेलच असे नाही. दाट कुळागरात प्रकाश कमी आणि हिरवट असतो. पक्ष्यामागे उजळ आकाश असेल तर कॅमेरा आकाशाचा प्रकाश मोजतो आणि पक्षी काळवंडतो. अशा चित्रात लाल तुरा काळपट तपकिरी दिसतो आणि नराची मादी होते. यासाठी एक्स्पोजर किंचित वाढवावे अथवा पक्ष्याची जागा बदलेपर्यंत थांबावे. उलट थेट उन्हात लाल रंग एवढा भडक नोंदला जातो की पिसांतील तपशील नाहीसा होतो आणि कपाळावरचे काळे-पांढरे ठिपके त्यात विरघळतात. तेथे एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे. रॉ स्वरूपातील फाइल जपून ठेवल्यास सावलीतला भाग नंतर उजळून पाहता येतो.

दुसरी अडचण गतीची. खोडावर चोच मारताना सुताराचे डोके विलक्षण वेगाने हलते. कपाळ हाच शरीराचा सर्वाधिक अस्पष्ट येणारा भाग असतो. शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा. कमी प्रकाशात तेवढा वेग मिळत नसेल, तर चोच मारून झाल्यावर तो क्षणभर थांबून बाजूला पाहतो, तो क्षण साधावा. सुतार खोडाभोवती गोल फिरत वर चढतो, म्हणून त्याच्या मागे धावण्यापेक्षा एका जागी उभे राहून तो वळण्याची वाट पाहणे फलदायी ठरते. एका पक्ष्याची किमान तीन चित्रे हाती असावीत : एक बाजूने, एक समोरून किंवा तिरपे, आणि एक पाठीचे. पहिल्या दोन चित्रांवरून नर-मादी ठरते, तिसऱ्यावरून जात पक्की होते.

रंग संपादित करताना संयम राखावा. लाल रंग खुलवण्याच्या नादात मादीच्या कपाळावरील फिकट ठिपके पुसले जातात आणि तांबूस सुताराच्या गालावर नसलेला डाग उगवतो. नोंदीसाठी वापरायचे चित्र मूळ रंगातच ठेवणे योग्य.

वयाचाही विचार करावा लागतो. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांचे रंग मळकट असतात आणि डोक्यावरच्या खुणा अपुऱ्या असतात. सोनपाठीच्या तरुण नराच्या कपाळावर काळा रंग बराच असतो, तर तरुण मादीच्या कपाळावरचे पांढरे ठिपके अजून उमटलेले नसतात. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला दिसणाऱ्या अशा पक्ष्यांबाबत ‘पिलू, लिंग अनिश्चित’ अशी नोंद करणे ही उणीव नसून काटेकोरपणा आहे.

आवाज आणि वर्तन यांवरून ठरवू नये

खोडावर चोचीने ढोल वाजवल्यासारखा आवाज करणारा पक्षी नरच असतो, असा समज आहे. सुतारकुळात मादीही असा आवाज करते. ढोली कोरण्याच्या कामातही दोघांचा सहभाग असतो, अंडी उबवणे आणि पिलांना भरवणे हीदेखील दोघांची जबाबदारी. बहुतेक सुतार जातींत रात्री अंड्यांवर बसण्याचे काम नर करतो, हे पक्षीजगतातील एक लक्षणीय वैशिष्ट्य होय. म्हणून ढोलीतून डोके बाहेर काढणारा पक्षी मादीच असणार, ही समजूत सोडून द्यावी आणि येथेही कपाळाकडेच पाहावे.

ढोलीपासून अंतर

नर-मादीची खात्री करण्याचा मोह सर्वाधिक होतो तो ढोलीजवळ, आणि धोकाही तेथेच असतो. आपल्या भागात सुतारांचा विणीचा काळ जातीनुसार हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत पसरलेला असतो. छायाचित्रकारांची वर्दळही याच महिन्यांत जास्त असते. माणूस ढोलीसमोर उभा असेपर्यंत अन्न घेऊन आलेला पक्षी आत शिरत नाही. शेजारच्या झाडावर बसून सतत ओरडणारा, चोचीत खाद्य असूनही पुढे न येणारा सुतार दिसला की आपण फार जवळ आहोत, असे समजून मागे हटावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे, ढोलीसमोरच्या फांद्या छाटणे आणि फ्लॅशचा मारा करणे टाळावे. विणीच्या काळात घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करू नये.

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या केवळ मारण्यापुरती मर्यादित नाही. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव पोहोचवणे हेही तीत येते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनखात्याची परवानगी लागते.

या नोंदींचे मोल काय?

एखाद्या सड्यावर किंवा बागेत ‘सुतार पक्षी दिसला’ ही नोंद फारसे काही सांगत नाही. तो वाटेत थांबलेला एकटा पक्षीही असू शकतो. त्याच झाडावर नर आणि मादी दोघांची वेगवेगळ्या दिवशी घेतलेली, तारीख-वेळ असलेली छायाचित्रे असतील, तर तेथे जोडी वास्तव्य करते असे म्हणता येते. दोघेही आळीपाळीने ढोलीत खाद्य नेताना दिसले, तर त्या झाडावर वीण होत असल्याचा तो पुरावा ठरतो. नर-मादीची अचूक ओळख येथे छंदाच्या पलीकडे जाते.

पेडण्याला याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. मोपा पठारावरील विमानतळाला मिळालेली पर्यावरणीय परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये निलंबित केली होती. परिसरातील वने, झाडे आणि पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रे यांविषयीची माहिती योग्य रीतीने मांडली गेली नसल्याचे न्यायालयाने तेव्हा नमूद केले. जानेवारी २०२० मध्ये अटींसह स्थगिती उठली, प्रकल्प पुढे गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये विमानसेवा सुरू झाली. प्रकल्पाविषयी मते भिन्न असू शकतात. पण एखाद्या जागेवर काय होते, हे सांगणाऱ्या नोंदी आधीपासून असणे किती आवश्यक आहे, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. डिचोलीत खाणींनी बदललेले डोंगर आणि पुन्हा झाडी धरू लागलेले जुने ढिगारे यांच्याबाबतही हाच प्रश्न आहे. तेथे सुतारांची जोडी परतली की नाही, याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही.

नोंद ठेवण्याच्या वाटा आता खुल्या आहेत. ‘ई-बर्ड’सारख्या व्यासपीठावर छायाचित्रासोबत पक्ष्याचे वय आणि लिंग नोंदवण्याची सोय आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक पातळीवरील जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावातील छायाचित्रकाराने तारीख, वाडा, झाडाची जात, नर-मादी आणि वर्तन एवढी पाच कलमे लिहून दिली, तरी त्या वहीत मोलाची भर पडेल. घरट्याचा नेमका ठावठिकाणा मात्र विणीचा हंगाम संपल्यावरच उघड करावा.

यातील ‘झाड’ हे कलम सर्वांत महत्त्वाचे. सुतार ढोली कोरतो ती बहुधा वठलेल्या किंवा आतून कुजू लागलेल्या लाकडात. बागायतदाराच्या दृष्टीने तो शेंडा गेलेला माड किंवा वाळलेला आंबा निरुपयोगी असतो आणि बाग साफ करताना आधी त्याच्यावरच कुऱ्हाड पडते. सुताराने सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, मैना, दयाळ आणि पिंगळा संसार थाटतात, कारण त्यांच्या चोचींना लाकूड कोरता येत नाही. गोव्यात वृक्षतोडीवर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे नियंत्रण आहे. २०१६ मध्ये माडाला त्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळले गेले, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि पुढच्याच वर्षी माडाला वृक्षाचा दर्जा परत देण्याचा निर्णय झाला. वठलेल्या माडाची किंमत मात्र कायद्याच्या व्याख्येत मावणारी नाही. ती त्यावर कोण राहते, हे ठाऊक असलेल्या शेजाऱ्यालाच कळते.

घरावर वा वाटेवर पडण्याचा धोका नसेल, तर असे एखादे वठलेले झाड बागेच्या कडेला उभे राहू द्यावे. तोडणे अटळ असेल, तर आधी काही दिवस सकाळी आणि संध्याकाळी त्यावर नजर ठेवावी. काळ्या ठिपकेदार कपाळाचा एक आणि लाल कपाळाचा दुसरा, असे दोन्ही पक्षी त्याच ढोलीत ये-जा करताना दिसले, तर कुऱ्हाड पावसाळ्यानंतरपर्यंत थांबवावी.